आनंदराजचा डावा हात

मी एक जुना हात आहे, मित्रांनो. नुसता हात. खांद्याच्या जरा खाली सुरू होतो आणि पाच बोटांवर संपतो. डावा आहे. डोकं, पोट, पाय असलं काही मला नाही. त्यामुळे भूक लागत नाही, डोकं दुखत नाही आणि चालत कुठे जावं लागत नाही. फक्त स्वप्नं पडतात. डोक्याशिवाय स्वप्नं कशी पडतात, असं तुम्ही विचाराल. ते मलाही कळलेलं नाही. पण पडतात, आणि दुपारी जास्त पडतात.

सध्या मी औशात, बाजाराच्या गल्लीत, गौसियाआपांच्या बांगड्यांच्या दुकानात काचेआड उभा असतो. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्याच बांगड्या. शाळा सुटली की तुमच्यासारखी मुलं काचेला नाक लावतात आणि एकमेकांना विचारतात, अरे, हा हात तर बाप्याचा दिसतोय! बरोबर ओळखता. माझी बोटं जाड आहेत, मनगट रुंद आहे, कारण मी फौजेत होतो. एका फौजेत नाही, तिन्ही फौजांत. भूदल, नौदल, हवाई दल. असा हात अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नाही. आता सगळं सांगतोच. यातलं बरंचसं खरं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात, लोखंडी साच्यात झाला. गरम रबर ओतलं, गार केलं, साचा उघडला आणि मी बाहेर आलो. रंग धड गोरा नाही, धड काळा नाही. पावसाळ्यात मांजरा नदीला येतो तसला. एका कारागीर बाईने माझ्या नखांना बारीक ब्रशने रंग दिला. आतून दोन नळ्या घातल्या. त्या माझ्या शिरा. वरच्या टोकाला एक पिशवी टांगायची, तिच्यात लाल पाणी भरायचं, की माझ्यात रक्त वाहायला लागतं. मग कुणीही यावं, दंडाला रबरी पट्टा बांधावा, शीर शोधावी आणि सुई टोचावी. बरोबर जागी गेली तर नळीत लाल थेंब येतो. चुकली तर काही येत नाही. मी ओरडत नाही, हात मागे ओढत नाही, आईला हाक मारत नाही. याचसाठी मला बनवलं.

त्या बाईने खोक्यात ठेवताना मला विचारलं होतं, "बाकीचा कुठंय रे तू?" थट्टाच केली असेल तिने. पण तो प्रश्न माझ्यात राहून गेला. खोक्याच्या अंधारात मला पहिलं स्वप्न पडलं. माझं बाकीचं शरीर कुठल्याशा मोठ्या मैदानात उभं होतं आणि डाव्या बाहीत हात घालून मला शोधत होतं.

लातूरहून औशाकडे येताना, सोलापूर रस्त्याला, एका वळणावर तिन्ही दलांचं एक प्रशिक्षण केंद्र होतं. नकाशात शोधू नका, सापडणार नाही. मी सांगतो ना, होतं. तिथे डॉक्टर शिकत नसत. तिथे साधे जवान, नौसैनिक आणि हवाई सैनिक शिकत. लढाईत, पुरात, अपघातात कुणाला लागलं, तर डॉक्टरच्या टेबलापर्यंत त्याचा जीव टिकवून ठेवणारी ही माणसं. पट्टी बांधणं, रक्त थांबवणं, सलाईन लावणं हे त्यांचं काम. तिघांना एकत्र शिकवायचं कारणही सरळ होतं. डोंगरात जवानाला लागतं, त्याला विमानात घालतात, विमान समुद्राकाठी उतरतं. म्हणजे एकाच माणसाला तीन दलांचे हात लागणार. तिघांच्या तीन रिती असल्या तर त्या माणसाने करायचं काय?

आणि रिती तीन होत्याच. भूदलाची पोरं पट्टा बांधला की "बांधला" म्हणून मोठ्याने सांगत, जणू पलीकडच्या टेकडीवर कुणी ऐकतंय. नौदलाची पोरं पाय फाकवून, कंबर टेबलाला टेकवून उभी राहत, कारण जहाज हलतं. औशात जहाज कुठून हलणार? पण सवय. हवाई दलाची पोरं हातात यादी घेऊन वाचत: पट्टा, कापूस, सुई, नळी, चिकटपट्टी. यादी संपेपर्यंत रुग्ण बरा होऊन घरी जाईल, असं भूदलवाले त्यांना चिडवत. हवाई दलवाले म्हणत, तुमच्या ओरडण्याने घाबरून तो आधीच पळालेला असतो.

माझ्याबद्दलही तिघांत तीन मतं होती. भूदलवाले सांगत, याचं बाकीचं शरीर बर्फातल्या एका चौकीवर पहारा देतंय, खाली यायला रजाच मिळत नाही. नौदलवाले सांगत, ते पाणबुडीत आहे. हवाई दलवाल्यांचं म्हणणं, हा हात विमानातून टाटा करताना निसटून पडला. मी तिघांचंही ऐकायचो आणि तिन्ही स्वप्नं आळीपाळीने बघायचो. सोमवारी बर्फ, मंगळवारी समुद्र, बुधवारी ढग.

केंद्राचा एक नियम होता. सुई हातात घेण्याआधी रुग्णाला त्याचं नाव विचारायचं. त्याने नाव सांगेपर्यंत थांबायचं. मग म्हणायचं, "थोडं टोचेल." आणि मगच टोचायचं. हा नियम मलाही लागू होता. मी रबराचा असलो तरी पोरांनी मला नाव विचारायलाच पाहिजे.

शिकवायला होते सुभेदार वीरण्णा. शिरूर अनंतपाळचे. उंच, ताठ, मिशी अशी की तिच्यावर पाखरू बसलं तरी हलणार नाही. पहिल्याच दिवशी एका पोराने मला विचारलं, "नाव काय?" मी काय सांगणार? तेव्हा सुभेदारांनी चेहरा जराही न हलवता, एकदम बारीक, नाकातल्या आवाजात उत्तर दिलं, "आनंदराज."

हे नाव त्यांनी कुठून आणलं ते कुणालाच कळलं नाही. कुणी म्हणतं, खिडकीतून एक टेम्पो गेला, त्याच्यावर लिहिलेलं होतं. मी म्हणतो, माझा चेहरा बघून सुचलं असेल. मला चेहरा नाही, पण सुभेदारांची नजर तेज होती. त्या दिवसापासून मी आनंदराज झालो. दिवसातून चाळीस वेळा कुणीतरी मला नाव विचारायचं आणि चाळीस वेळा तो ताठ माणूस बारीक आवाजात "आनंदराज" म्हणायचा. वर्षानुवर्षं. पुढे पुढे ते दुसऱ्या कुणाशी बोलत असले आणि मागून "नाव काय?" ऐकू आलं, तरी मान न वळवता उत्तर द्यायचे.

सुभेदारांचं एक गुपित मला ठाऊक होतं. माझ्यात सुई शिरताना ते नेहमी खिडकीबाहेर बघायचे. हजारो पोरांना सुई टोचायला शिकवणारा हा माणूस सुईला घाबरत होता. मी कुणाला सांगितलं नाही. आज सांगतोय, कारण तुम्ही ते कुणाला सांगणार नाही.

माझी देखभाल करायचे नौदलाचे जिलानीसाहेब. ते मूळ औशाचेच. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बांगड्यांचा धंदा. हे मात्र समुद्रावर गेले, वीस वर्षं जहाजावर जखमा बांधल्या आणि शेवटी या केंद्रात आले. मला धुणं, पुसणं, पावडर लावणं, लाल पाणी भरणं हे सगळं तेच करायचे. एकदा लाल रंग संपला तेव्हा त्यांनी माझ्यात गुलाबाचं सरबत भरलं होतं. चार दिवस मुंग्यांची रांग माझ्या खांद्यातून शिरून तर्जनीतून बाहेर निघत होती. मोजल्या असत्या तर नऊ लाख भरल्या असत्या. लातूर जिल्ह्यात तेवढ्या मुंग्या नाहीत असं कुणी म्हणेल, तर नांदेडहूनही आल्या होत्या.

दिवस चांगले होते, मित्रांनो. मला शाबासकी आवडायची. नळीत लाल थेंब आला की पोरांचे चेहरे उजळायचे, कुणी माझ्या तळव्यावर टाळी द्यायचं. मला वाटायचं, सगळ्यांनाच माझी शीर सापडावी. आणि इथेच माझं चुकलं.

रोज टोचून टोचून माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला एक भोक पडलं. मोहरीएवढं. त्या भोकातून सुई घातली की ती सरळ शिरेत जायची. शोधायला नको, चाचपायला नको. पोरांनी त्याला नाव दिलं, आनंदराजचा दरवाजा. जाणारी तुकडी येणाऱ्या तुकडीच्या कानात सांगून जायची: दरवाजातून जा, रक्त येतंच. रिती तीन असल्या तरी दरवाजा तिन्ही दलांचा एकच होता. जिलानीसाहेबांनी माझ्यासाठी नवी कातडी मागवली होती, पण तो अर्ज कुठल्याशा टेबलावर झोपून राहिला. आणि मी गप्प राहिलो. मला टाळ्या मिळत होत्या ना.

अशात एका वर्षी मुग्धा आली. हवाई दलाची. किनवटची. तिचे वडील तिथल्या निवासी शाळेत शिक्षक, त्यामुळे ती वसतिगृहातल्या मुलींबरोबरच वाढली. एका पावसाळ्यात रस्ता बंद झाला होता आणि तिच्या मैत्रिणीला ताप चढला होता. एक नर्सबाई रेल्वेच्या रुळांवरून चालत आल्या. त्यांना त्या मुलीच्या हातात शीर सापडेना. पाच वेळा टोचावं लागलं. पाची वेळा त्या मुलीने मुग्धाचा हात घट्ट धरला. मुलगी बरी झाली, पुढे दोघी मिळून दहावी पास झाल्या. पण मुग्धाने तेव्हाच ठरवलं होतं, आपण हे काम शिकायचं आणि कुणाला दुसऱ्यांदा टोचायचं नाही. एकाच सुईत.

हे ती संगप्पाला सांगत होती. संगप्पा भूदलाचा, देगलूरकडचा. मी टेबलावर पडून ऐकत होतो.

मुग्धाचा हात फार चपळ. पट्टा, कापूस, सुई, थेंब. वर्गात सगळ्यात आधी तिचा. नाव विचारायची, पण कसं? "नावकायथोडंटोचेल." सगळं एका दमात. सुभेदारांच्या तोंडून "आनंदराज" निघेपर्यंत तिची सुई दरवाजातून आत गेलेली असायची. शंभर वेळा टोचलं, शंभर वेळा रक्त आलं. मी खूश, ती खूश.

मग खऱ्या हातांची पाळी आली. केंद्राची रीत अशी, की प्रत्येकाने दुसऱ्या दलाच्या माणसाला टोचायचं. आपल्याच माणसाला टोचताना हात सैल राहतो, म्हणून. प्रत्येकाला तीन संधी. तिन्ही हुकल्या तर हे काम सुटलं, भांडारात चादरी आणि बूट मोजायला रवानगी.

मुग्धाच्या वाट्याला आधी संगप्पा आला. तिने एका दमात नाव विचारलं आणि बरोबर त्या जागी टोचलं, जिथे माझा दरवाजा होता. संगप्पाच्या हातात तिथे काहीच नव्हतं. पुढच्या आठवड्यात नौदलाचा अमान. त्याच्याही हातात तिने तीच जागा गाठली. अमानचा हात काळानिळा झाला. तो हसून म्हणाला, "राहू दे, शाईचा डाग समजतो." पण मुग्धाला हसू आलं नाही. ती येऊन माझ्यासमोर बसली आणि नुसती बघत राहिली. आता एकच संधी उरली होती, पुढच्या बुधवारची.

मित्रांनो, मला त्या दिवशी पहिल्यांदा स्वप्न पडलं नाही. किनवटच्या रुळांवर कुणीतरी चालत निघालंय आणि पोचत नाही, एवढंच डोळ्यांसमोर येत राहिलं. डोळे नाहीत, तरी.

शनिवारी जिलानीसाहेब मला पुसायला बसले. चष्मा कपाळावरून खाली घेतला, मला खिडकीपाशी नेलं आणि कोपर उजेडात धरलं. दरवाजा त्यांना दिसला. मग त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हलकेच हात मारला.

दारं लावून त्यांनी माझ्यावर जे केलं ते कुठल्या पुस्तकात नाही. घमेल्यात साबणाचं पाणी केलं. माझा पंजा दोन्ही हातांनी दाबला, अंगठा आत दुमडला, आणि बांगडी उतरवावी तशी माझी कातडी हळूहळू सोलून काढली. आतल्या नळ्या सरकवल्या. एक वर, एक बाजूला. मग कातडी कोपरापाशी फिरवून तशीच, बांगडी भरल्यासारखी, परत चढवली. दरवाजा फिरून पाठीमागे गेला. कोपराची आतली बाजू कोरी झाली. वर्षानुवर्षं मी होतो तो हात मी उरलो नाही. जिलानीसाहेब सांगतील की नळ्या त्यांनी सरकवल्या. सांगू द्या. शेवटचा बोटभर मी स्वतः सरकलो होतो.

रविवारी दुपारी त्यांनी मुग्धाला बोलावलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. कडुनिंबाची सावली खिडकीतून माझ्या बोटांवर येऊन पडली होती. पंखा असा फिरत होता, की आणखी थोडं फिरला असता तर झोपला असता.

मुग्धाने पट्टा बांधला, कापूस फिरवला आणि सुई जुन्या जागी घातली. कोरडी. पुन्हा घातली. कोरडी.

"सर, हा बिघडलाय."

"तो नाही बिघडला, बेटा," जिलानीसाहेब म्हणाले. "तू शीर शोधून नाही राहिलीस. तू भोक शोधून राहिलीस."

मुग्धाचा चेहरा उतरला. तिने सुई ट्रेमध्ये ठेवून दिली. जिलानीसाहेब तिच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि आपल्या अम्मीची गोष्ट सांगायला लागले. अम्मी औशात बांगड्या भरायच्या. लग्नसराईत बायकांची रांग लागायची. नवीन नवरी असली की घाबरून मूठ आवळते. आवळलेल्या हातातून बांगडी नेली तर काच फुटते आणि हाताला लागते. अम्मी कधी जोर करायच्या नाहीत. आधी नाव विचारायच्या, मग गाव, मग घरी म्हैस आहे का, हेसुद्धा. उत्तर येईपर्यंत हात नुसता हातात धरून बसायच्या.

"नाव सांगताना माणूस हात विसरतो," जिलानीसाहेब म्हणाले. "तो विसरला की बांगडी आपोआप जाते. सुईचं बी तसंच हाय."

"पण सर, हा तर रबराचा."

"म्हणून तर याच्यावर शिकायचं. जो रबरासाठी थांबंल, तो माणसासाठी थांबंलच."

एवढं बोलून ते चहा आणायला गेले. खोलीत आम्ही दोघंच उरलो. मुग्धाने इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. मग तिने माझा पंजा दोन्ही हातांत घेतला आणि अगदी हळू विचारलं, "तुमचं नाव काय?"

आणि ती थांबली. सुभेदार नव्हते, बारीक आवाज येणार नव्हता, तरी ती थांबली. पंख्याचा आवाज दूर गेला. सावली बोटांवरून मनगटावर आली. मला त्या थांबण्यात एक लांबच लांब स्वप्न पडलं. बर्फावर, समुद्रावर आणि ढगांत, तिन्हीकडे माझं बाकीचं शरीर चालता चालता उभं राहिलं आणि कुणीतरी हाक मारल्यासारखं वळून बघायला लागलं. माझी करंगळी हलली. खरंच हलली. मुग्धाला विचारा, ती हो म्हणणार नाही, पण नाहीही म्हणणार नाही. हसेल फक्त.

मग तिने डोळे मिटले. बोटाच्या टोकाने मला चाचपलं. इथे नाही, इथे नाही, इथे मऊ आहे, इथे दाबलं की परत वर येतं. "थोडं टोचेल," ती म्हणाली. लाल थेंब आला. जिलानीसाहेब दोन कप घेऊन दारात उभे होते, पण आत आले नाहीत. चहावर साय धरली.

बुधवारी परीक्षा. परीक्षक म्हणून बाहेरून एक मेजर मॅडम आल्या होत्या. तिन्ही दलांची पोरं रांगेत उभी. मला कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलं होतं. मुग्धाचं नाव पुकारलं आणि विचारलं, हात कोण देणार? अमानचा डाग अजून पुरता गेला नव्हता. पोरं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. मुग्धा रांगेसमोर एकटी उभी होती आणि कुणी वर बघेना.

तेव्हा सुभेदार वीरण्णा पुढे आले. बाही दुमडली. खुर्चीवर बसले आणि डावा हात टेबलावर ठेवला. हे काय चाललंय ते मला एकट्यालाच कळलं. त्यांच्या मिशीचं टोक थरथरत होतं. त्या मिशीवर तेव्हा पाखरू असतं तर उडून गेलं असतं.

मुग्धाने पट्टा बांधला. हात बघितला. मित्रांनो, हात नव्हता तो, लाकूड होतं. मूठ आवळलेली, स्नायू ताठ. बर्फात काढलेल्या वर्षांनी शिरा आत गेलेल्या आणि भीतीने आणखी आत. तिने बोटाने चाचपलं. काही नाही. घड्याळाचा काटा ऐकू येत होता. मेजर मॅडमनी कागदावर पेन टेकवलं. मुग्धाने सुई उचलली, क्षणभर जुन्याच जागेकडे बघितलं, आणि परत ठेवून दिली.

मग तिने सुभेदारांची आवळलेली मूठ दोन्ही हातांत घेतली आणि विचारलं, "साहेब, तुमचं नाव काय?"

सुभेदारांना त्यांचं नाव आजवर कुठल्या शिकाऊ पोराने विचारलं नव्हतं. कुणाची हिंमत होती? ते खिडकीबाहेर बघत होते, मन कुठे तरी शिरूरच्या वाटेला लागलं असेल. प्रश्न कानावर पडला. मान न वळवता, त्याच बारीक, नाकातल्या आवाजात त्यांनी उत्तर दिलं,

"आनंदराज."

अर्धा क्षण कुणालाच काही कळलं नाही. मग संगप्पाने तोंडावर हात दाबला, पण हसू बोटांतून निसटलंच. मग अमान, मग पूर्ण रांग, तिन्ही दलं एकसाथ. मेजर मॅडमनी कागद चेहऱ्यासमोर धरला, कागद हलत होता. आणि सुभेदार वीरण्णा, ज्यांची मिशी कधी कुणी हललेली बघितली नव्हती, ते स्वतःच पोट धरून हसायला लागले. मूठ सुटली. बोटं पसरली. कोपराच्या जरा बाजूला, जिथे कुणी शोधलं नसतं तिथे, निळसर शीर हळूच वर आली.

"थोडं टोचेल," मुग्धा म्हणाली.

एकाच सुईत. लाल थेंब आला, आणि तो सरबताचा नव्हता.

सुभेदारांनी खाली बघितलं. "झालं बी?" त्यांनी विचारलं. "लई हलका हात हाय गं तुझा."

आता खरी गोष्ट सांगतो. नाव कुणाचं घेतलं होतं? माझं. म्हणजे ती सुई टोचली कुणाला? मला. आयुष्यात पहिल्यांदा मला दुखलं, मित्रांनो. मुंगी चावावी एवढंसं. आणि दुखणं किती छान असतं ते मला तेव्हा कळलं. तुम्हाला वाटेल, हा पुन्हा थापा मारायला लागला. पण मुग्धालाही तसंच वाटलं असलं पाहिजे. कारण सुभेदारांच्या हातावर कापूस ठेवून "दाबून धरा" म्हटल्यावर ती कोपऱ्यात आली, दुसरा कापूस घेतला आणि माझ्याही कोपरावर दाबून धरला. चांगला मिनिटभर. कुणीच हसलं नाही.

मुग्धा पास झाली आणि हवाई दलाच्या एका दूरच्या तळावर गेली. दरवाजाची बातमी मेजर मॅडमपर्यंत पोचली, अर्जाची झोप मोडली आणि वर्षभरात नवे हात आले. चकचकीत, बटण दाबलं की शीर बदलणारे. माझ्या कपाळी, म्हणजे दंडावर, एक चिठ्ठी चिकटली, "कंडम". चार महिने मी कपाटात होतो, फुटक्या बादलीशेजारी. चाळीस वेळा नाव विचारणारं कुणी नाही. एकदाही नाही. माझ्या आयुष्यात तेवढेच दिवस असे आहेत ज्यांबद्दल मी काही वाढवून सांगू शकत नाही.

मग जिलानीसाहेब निवृत्त झाले. निरोपाला काय हवं, असं विचारल्यावर त्यांनी मला मागितलं. पिशवीत घालून, औशाच्या बसमध्ये मांडीवर ठेवून त्यांनी मला घरी आणलं. कंडक्टरने पिशवीतून बाहेर आलेली पाच बोटं बघितली आणि दोन थांबे तो पुढेच जाऊन उभा राहिला. दुकान आता त्यांच्या बहिणीचं, गौसियाआपांचं. त्यांनी मला साबणाचं पाणी लावलं, पंजा हातात घेतला आणि पहिली बांगडी भरण्याआधी विचारलं, "नाव काय, बेटा?" जिलानीसाहेब आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात रजेवर आलेली एक मुलगी दुकानात आली. केस आखूड, पाठ ताठ. गौसियाआपांनी तिचा हात धरून नाव विचारलं. "मुग्धा," ती म्हणाली. मग काचेकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि ह्यांचं आनंदराज." तिने सांगितलं की तिकडे डोंगरात दरड कोसळली होती, तेव्हा विमानात तिच्या पुढ्यात नऊ जखमी होते. विमान हलत होतं. ती नौदलवाल्यांसारखी पाय फाकवून उभी राहिली. पट्टा बांधला की भूदलवाल्यांसारखं मोठ्याने सांगत होती, यादी मात्र आपलीच म्हणत होती. नऊ जणांना नाव विचारलं, नऊ वेळा थांबली. कुणालाही दुसऱ्यांदा टोचावं लागलं नाही.

त्या दुपारपासून मला माझं बाकीचं शरीर शोधायचं स्वप्न पडत नाही. त्याऐवजी एकच पडतं. कुठेतरी बर्फात, कुठेतरी पाण्यावर, कुठेतरी ढगांत कुणीतरी कुणाचा तरी हात धरून बसलंय, नाव विचारलंय आणि थांबलंय. ती सगळी बोटं मला ओळखीची वाटतात.

मित्रांनो, आपल्या वस्तूंना एकाच जागी घासून भोक पाडू नका. आणि पडलंच तर त्या भोकालाच रस्ता समजू नका. जुनं झालेलं काही कपाटात टाकण्याआधी एकदा हातात घेऊन बघा. कुणाला औषध द्यायचं असो, काटा काढायचा असो की नुसता हात धरून रस्ता ओलांडायचा असो, आधी नाव विचारा. कधी औशाला आलात तर बाजाराच्या गल्लीत या. काचेवर टकटक करू नका, आपा रागावतात. हळूच मलाही विचारा. आणि विचारून झालं की लगेच पळू नका. थोडं थांबा. रबराला उत्तर द्यायला जरा वेळ लागतो.